कामावरच्या अपघाताची भरपाई नाकारली, तर पुढे काय करायचं

मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून ‘आपला दावा मान्य करता येत नाही’ असं पत्र येतं आणि घरातले विचारतात, आता अपील कुठे करायचं? अपिलाची वेळ अजून आलेलीच नसते. मालक हा या वादातला एक पक्ष आहे आणि विमा कंपनी त्याच्या बाजूला उभी आहे, त्यामुळे त्यांचं पत्र हे फक्त त्यांचं म्हणणं आहे. भरपाई द्यायची की नाही आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांना दिला आहे. त्यांच्याकडे तुम्ही मूळ अर्ज करायचा असतो. त्यांनी निकाल दिल्यानंतरच खरं अपील, म्हणजे उच्च न्यायालय.

एक गोष्ट आधीच मनावर घ्या. उच्च न्यायालयात अपील चालतं ते कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. अपघात कामावर झाला का, पगार किती होता, हात किती निकामी झाला, या घटना आयुक्तांपुढेच ठरतात आणि सहसा तिथेच कायमच्या ठरतात. जो कागद, जो साक्षीदार तिथे आणला नाही, तो पुढे उपयोगी पडेल ही आशा धरू नका. म्हणून या लेखातला मोठा भाग आयुक्तांपुढच्या कामाविषयी आहे.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पगारातून ईएसआयची कपात होत असेल, विमा क्रमांक मिळाला असेल, तर मालकाविरुद्ध भरपाईचा अर्ज करता येत नाही. तुमचा हक्क कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे आहे : तात्पुरत्या अपंगत्वाचा, कायमच्या अपंगत्वाचा आणि मृत्यू झाल्यास वारसांना दरमहा मिळणारा लाभ. तिथे वैद्यकीय मंडळाने ठरवलेले अपंगत्वाचे टक्के मान्य नसतील, किंवा ‘हा अपघात कामाचा नाही’ असं उत्तर आलं, तर कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागायची. मालक कधी कधी ‘तुमचं ईएसआय आहे’ असं नुसतं तोंडी सांगतात. विमा क्रमांक मागा आणि तो अपघाताच्या दिवशी चालू होता का ते पाहा.

दुसरी, अपघाताची तारीख. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय त्या संहितेत गेला. अपघाताच्या दिवशी जो कायदा लागू होता, त्यानुसार हक्क ठरतो. सध्या वादात असलेली बहुतेक प्रकरणं जुन्या कायद्याखालची आहेत, म्हणून इथली कलमं आणि आकडे १९२३ च्या कायद्यातले आहेत. अपघात त्या तारखेनंतरचा असेल, तर आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ येतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. अर्ज लिहिण्याआधी तेवढं वकिलाकडून पक्कं करून घ्या.

ट्रक, टेम्पो, डंपरवरच्या चालक आणि क्लीनरांसाठी आणखी एक. वाहन अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा नुकसानभरपाई आयुक्त, यांपैकी एकच दार निवडता येतं. एका ठिकाणी अर्ज केला की दुसरं बंद. चूक समोरच्या वाहनाची असेल तर न्यायाधिकरणात बहुधा जास्त रक्कम मिळते. चूक स्वतःच्या चालकाची असेल तर आयुक्तांकडे जाणं सुरक्षित, कारण तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. ही निवड घाईत करू नका.

पहिली पायरी : नकाराचं कारण लेखी मिळवा

तोंडी नकारावर थांबू नका. मालकाला आणि विमा कंपनीला एक पत्र पाठवा : अपघाताची तारीख, वेळ, जागा, काम काय चाललं होतं, इजा काय झाली, भरपाई मागत आहोत, आणि नाकारत असाल तर कारण कळवा. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. हीच कायद्यातली नोटीसही ठरते. अपघातानंतर नोटीस दिली नव्हती म्हणून दावा बुडत नाही. मालकाला अपघाताची माहिती होती एवढं दाखवलं तरी पुरतं, आणि ज्याने स्वतः गाडी करून तुम्हाला दवाखान्यात पोचवलं, त्याला माहिती नव्हती असं कोण म्हणेल?

कारण हातात आलं की ते नीट वाचा. नेहमीची कारणं मोजकीच आहेत आणि त्यांतली बरीचशी कायद्यापुढे टिकत नाहीत.

‘हा आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा आहे.’ हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. कायद्याचं कलम १२ याच पळवाटेसाठी आहे. मुख्य मालकाने आपल्या धंद्याचं काम कंत्राटदाराकडून करून घेतलं आणि त्याच्या जागेत, त्याच्या देखरेखीखाली अपघात झाला, तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. त्याने ती कंत्राटदाराकडून नंतर वसूल करावी, तो त्यांचा व्यवहार. मुकादमाचा मोबाईल बंद झाला म्हणून कुटुंबाने हात टेकू नयेत. अर्जात दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

‘चूक कामगाराचीच होती.’ निष्काळजीपणा हा या कायद्यात बचाव नाही. थकव्यात डुलकी लागली, घाईत हात पुढे गेला, तरी भरपाई मिळते. मालक सुटतो ते तीनच प्रसंगी : दारू किंवा नशेमुळेच अपघात झाला असेल, सुरक्षेचा स्पष्ट आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असेल. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हे तीन बचावही चालत नाहीत. पॉवर प्रेसवर बोटं गेलेल्या मुलांना ‘तू गार्ड का काढलास’ असं विचारतात तेव्हा मला राग येतो. गार्ड कोणाच्या सांगण्यावरून निघाला, उत्पादनाचा आकडा गाठायला तो किती दिवस बाजूला पडून होता, हे सोबतच्या कामगारांना माहीत असतं. त्यांचा जबाब इथे कामाचा.

‘अपघात गेटाबाहेर, रस्त्यावर झाला.’ २००३ साली साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो पुन्हा कायम केला : घर ते काम या प्रवासातला अपघातही कामाच्या ओघातला धरता येतो, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. वाट पाहण्यात त्या कुटुंबाची बावीस वर्षं गेली. तुमच्या अर्जात या निकालाची तारीख अवश्य द्या. आणि पाळी किती वाजता सुरू होते, नेहमीचा रस्ता कोणता, हे लिहा. मध्येच वेगळ्या कामासाठी वाट बदलली होती का, हा प्रश्न उलटतपासणीत येतोच.

‘हृदयविकाराने गेला, अपघात नाही.’ इथे मात्र दावेदाराला मेहनत घ्यावी लागते. कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध दाखवायचा असतो. सलग दुहेरी पाळी, भट्टीजवळचं काम, त्या दिवशीचं ओझं, आधी केलेली तक्रार, यांचे पुरावे गोळा करा. ‘कामावर असताना गेला’ एवढ्यावर न्यायालयं भरपाई देत नाहीत.

‘तुम्ही पैसे घेऊन सही केली आहे.’ हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड झाली तर तिची नोंद आयुक्तांकडे व्हायला हवी. रक्कम अपुरी वाटली किंवा दबावाने सही घेतल्याचं दिसलं, तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक : भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर घरी दिलेले पैसे भरपाई मानले जात नाहीत. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतक्या आगाऊ रकमेचा.

दुसरी पायरी : पुरावे, आणि तेही लवकर

अपघाताच्या वेळी तुम्ही ‘कर्मचारी’ होता, अपघात कामातून झाला, पगार इतका होता, वय इतकं होतं आणि इजेमुळे कमाईची ताकद इतकी घटली. सगळा दावा या पाच गोष्टींवर उभा असतो. प्रत्येकीला कागद हवा.

नोकरीसाठी नेमणूकपत्र नसतंच, हे गृहीत धरू या. गेटपास, हजेरी कार्ड, गणवेशातला फोटो, पीएफचं पासबुक, बँकेत जमा झालेला पगार, मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश, यांतलं जे सापडेल ते. मोबाईलवरचा पुरावा द्यायचा तर त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकिलाला आठवण करा आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

अपघातासाठी पोलिसांतली नोंद, घटनास्थळ पंचनामा, दवाखान्यातली पहिली नोंद, मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर इजेचं कारण काय लिहिलंय ते आजच वाचा. ‘घरी पडल्यामुळे’ असं कोणीतरी लिहून घेतलेलं असतं आणि खटला तिथेच अडखळतो. तसं असेल तर डॉक्टरांकडे लेखी दुरुस्ती मागा आणि पोलिसांत स्वतःचा जबाब द्या. कारखान्यातला अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने चौकशी केली असेल. तिचा अहवाल माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. मला विचाराल तर सगळ्यात भारी पुरावा हाच, कारण तो सरकारी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन लिहिलेला असतो.

सोबतचे कामगार साक्षीला घाबरतात, त्यांना नोकरी टिकवायची असते. दोष देऊ नका. आधीच नोकरी सोडलेला, गावी परतलेला एखादा असतोच. त्याचा पत्ता लिहून ठेवा.

अपंगत्वाच्या दाखल्यावर नेहमी घोळ होतो. जिल्हा रुग्णालयाचा दाखला शरीराचं अपंगत्व सांगतो. या कायद्यात मोजायची असते कमाईची घटलेली ताकद. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं : डावा हात कोपरावरून गेलेला माणूस सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण धरायचं. तेव्हा डॉक्टरांना तुमचं काम समजावून सांगा आणि दाखल्यात ‘हे काम तो आता करू शकेल का’ यावर दोन ओळी लिहून घ्या. तेच डॉक्टर साक्षीला येऊ शकतील का, हेही विचारा.

तिसरी पायरी : रक्कम स्वतः मोजा

मालकाने देऊ केलेली रक्कम बरोबर की फसवी, हे कळायला हिशेब यायला हवा. मृत्यूसाठी मासिक पगाराच्या ५० टक्के, कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के, आणि त्याला वयानुसारच्या गुणकाने गुणायचं. गुणक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत : २५ व्या वर्षी २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरतात, प्रत्यक्षात कितीही असो.

पंचवीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, पगार १५,००० किंवा जास्त. ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०. पहिल्या अनुसूचीत अंगठ्याला ३० टक्के आहेत, म्हणून ५,८५,६५७ रुपये. असल्या इजेला वीस-तीस हजार हातावर टेकवून विषय मिटवतात, म्हणून आकडा माहीत असणं इतकं गरजेचं. तीस वर्षांच्या माणसाचा मृत्यू झाला तर याच पगारावर १५,५९,८५० रुपये होतात, शिवाय अंत्यविधीचा खर्च ५,००० रुपये.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच द्यायचा असतो. औषधांच्या दुकानाचं लहानातलं लहान बिल जपा. पगाराची चिठ्ठी नसेल तर त्या कामाचं सरकारने ठरवलेलं किमान वेतन दाखवा. ओव्हरटाईम आणि नियमित भत्ते धरा, प्रवासभत्ता आणि पीएफचा मालकाचा हिस्सा धरू नका.

यावर १२ टक्के सरळ व्याज मागा. रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, महिनाभरात दिली नाही की व्याज लागतं. विनाकारण टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही मागता येतो. दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो. त्यामुळे दंडाची मागणी अर्जात असली की तडजोडीच्या टेबलावर मालकाचा सूर बदलतो. आणि मालकाला थोडीच रक्कम मान्य असेल, तर तेवढी तरी त्याने लगेच द्यायची असते. ती मागायला लाजू नका, ती घेतल्याने उरलेला हक्क जात नाही.

चौथी पायरी : अर्ज कुठे आणि कसा

‘आयुक्त’ या शब्दामुळे लोक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातात आणि तिथे महिने घालवतात. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, आणि काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत चौकशी केली तर नेमकं दालन कळेल.

अर्ज अपघात झाला त्या ठिकाणी करता येतो, तुम्ही राहता त्या ठिकाणी करता येतो, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे. नवरा चाकणला गेला आणि बायको-मुलं नांदेडला असतील, तर नांदेडलाच अर्ज करा. तारखांना ये-जा करून खचलेली माणसं अर्ध्यात खटला सोडतात.

मुदत अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून, दोन वर्षं. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफीचा अर्ज सोबत द्या. दीर्घ उपचार, मालकाने दाखवलेली आशा, हक्काची माहितीच नसणं, असं खरं कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात.

लिहिता-वाचता येत नसेल, तर आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज लिहून घेण्याची सोय कायद्यातच आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही लेखी अधिकार दिल्यास तुमच्या वतीने उभा राहू शकतो.

कामावर मृत्यू झाला आहे आणि घरात कोणी धावपळ करणारं नाही, अशा वेळी शेजाऱ्याने किंवा गावच्या सरपंचाने आयुक्तांना साधं पत्र लिहिलं तरी चालतं. माहिती कुठूनही आली तरी आयुक्त मालकाला नोटीस काढून तीस दिवसांत खुलासा मागू शकतात. या तरतुदीचा वापर फारच कमी होतो.

पाचवी पायरी : सुनावणी

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावावा. प्रत्यक्षात वर्षं जातात, तयारी तशीच ठेवा. सामनेवाले लेखी म्हणणं देतील, मुद्दे निघतील, मग तुमची साक्ष आणि उलटतपासणी. अर्जात लिहिलेली वेळ, पगार, कामाचं स्वरूप आणि तोंडून सांगितलेलं जुळलं पाहिजे. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणा. मालकाला हजेरीपट आणि पगारपत्रक हजर करायला लावण्याचा अर्ज करा. त्याने ते लपवले, तर ती गोष्ट तुमच्या बाजूने मांडता येते. तारखेला गैरहजर राहिल्याने अर्ज निकाली निघाला, तर तो परत चालू करण्याचा अर्ज ताबडतोब द्या.

प्रकरण लोकअदालतीत ठेवू का असं विचारतील. रक्कम बरोबर असेल तर जरूर ठेवा, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. तिसऱ्या पायरीतला हिशेब खिशात घेऊनच बसा.

सहावी पायरी : निकालानंतर, आणि खरं अपील

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालक पैसे भरत नसेल, तर आयुक्त ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायला लावू शकतात. त्यासाठी अर्ज तुम्हालाच द्यावा लागतो.

निकाल विरोधात गेला, तर त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. अपिलाची मुदत ६० दिवस, वादातली रक्कम किमान १०,००० रुपये. अपील मुंबई उच्च न्यायालयात : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पर्वरी, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच. उशीर झाला तर कारणासह माफी मागता येते.

इथे ‘निकाल चुकीचा वाटतो’ एवढं पुरत नाही. नोंदीवर असलेला महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नाही, कंत्राटी कामगार म्हणून मुख्य मालकाला सोडून दिलं, निष्काळजीपणावरून दावा फेटाळला, व्याज अपघाताऐवजी निकालाच्या तारखेपासून दिलं, अनुसूचीतले टक्के किंवा गुणक चुकीचे लावले, असे मुद्दे कायद्याचे प्रश्न म्हणून मांडता येतात. वकिलाला निकालपत्रातली नेमकी ओळ दाखवायला सांगा. ओळ दाखवता येत नसेल, तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या. उच्च न्यायालयासाठीही मोफत वकील मिळतो, तिथल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

अपील मालकाने केलं असेल, तर आधी त्याला आयुक्तांकडे पूर्ण रक्कम भरावी लागते आणि तसं प्रमाणपत्र अपिलासोबत जोडावं लागतं. ते जोडलंय का, हे तुमच्या वकिलाने पहिल्याच तारखेला पाहावं. आणि जमा झालेल्या रकमेतला काही भाग काढून मिळावा म्हणून अर्ज द्यावा. अपील चालू असताना मुलांची फी आणि घरभाडं थांबत नाही, हे त्या अर्जात साध्या शब्दांत लिहा आणि शाळेच्या पावत्या सोबत जोडा.